पा हार्सोयो खोलीबाहेर गेले

सुंबरजाती गावात माणसाला पोहता आलं नाही तरी चालतं, पण ‘हो’ म्हणता आलंच पाहिजे. वडीलधाऱ्यानं काही सांगितलं की मान खाली, दोन्ही हात पोटाशी आणि तोंडात ‘हो, पा’. पा म्हणजे बाबा, आणि पिकल्या केसांचा प्रत्येक पुरुष इथं सगळ्यांचाच पा असतो. त्याचं म्हणणं पटलं की नाही हा प्रश्न नसतो. पटलं नसेल तर घरी जाऊन बायकोला सांगायचं आणि झोपायचं. ब्रांतास नदीच्या काठानं पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय आणि तसं पाहिलं तर त्यात कुणाचं काही बिघडलेलं नाही. बिघडतं ते फक्त फुटबॉलमध्ये.

कारण फुटबॉलच्या कोचला ही माणसं फार लवकर आंधळं करतात. तो बोलला की अख्खा संघ मान डोलावतो, आणि एवढ्या माना एकदम डोलल्या की कुणालाही वाटायला लागतं, आपल्याला सगळं कळतं. बाहेरून आलेले किती नावाजलेले कोच या मानांवर भाळले आणि मोसम संपायच्या आत गाशा गुंडाळून गेले, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

बांतेंग सुंबरजाती हा आमचा क्लब. बांतेंग म्हणजे रानबैल. त्या मोसमात मात्र या बैलानं असे गुडघे टेकले होते की शेवटच्या सामन्यापर्यंत जीव टांगणीला लागला. जिंकलो तर वरच्या लीगमध्ये राहणार. बरोबरी झाली किंवा हरलो तर खालच्या लीगमध्ये जाणार. गावात त्या आठवड्यात लग्नाच्या मांडवातसुद्धा दुसरा विषय नव्हता.

मुख्य कोच होते पा हार्सोयो. वय सत्तरीकडे झुकलेलं, एक कान अधू, डोक्यावर उन्हानं विटलेली टोपी. त्यांचा सहायक गुनार्तो. गुनार्तो पोरसवदा असताना हार्सोयोंनीच त्याला नदीकाठच्या मैदानावरून उचलून संघात आणलं होतं, आणि खेळून खेळून गुडघे गेल्यावर स्वतःच्या शेजारी बाकावर बसवलं होतं. म्हणजे इतरांना ते नुसते पा असतील, गुनार्तोला तर ते गुरू. आता त्यानं चाळिशी ओलांडली होती, फुटबॉल त्याच्या नसानसांत मुरला होता, आणि इतकी वर्षं शेजारी बसून त्यानं हार्सोयोंना एकदाही ‘नाही’ म्हटलेलं नव्हतं.

गुरुवारी सरावानंतर सगळे बू तुमिरा या बाईंच्या खानावळीत पेचेल, म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीतली भाजी, खायला बसले होते. हार्सोयोंना फळ्यापेक्षा जेवणाचं टेबल बरं वाटायचं. त्यांनी सोया सॉसची बाटली, मिरचीची वाटी, चहाचे पेले असं सगळं मांडून रविवारची चाल समजावली. सगळा संघ पुढे सरकवायचा, समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. मागे राखणीला एकटा लुकितो. ‘हा लुकितो,’ म्हणत त्यांनी मिठाची डबी टेबलाच्या अगदी कडेला ठेवली.

लुकितो म्हणजे आमचा कर्णधार. डोकं असं की समोरच्याच्या मनात काय आहे ते चेंडू येण्याआधी ओळखावं, पण पाय आता पस्तिशी उलटलेले. आणि समोरच्या सामुद्रा संघात यान्से होता, पापुआ बेटावरून आलेला. तो धावायला लागला की त्याच्या मागे धावणं म्हणजे नुसती दमछाक. गुनार्तो त्या मिठाच्या डबीकडे बघत राहिला. लुकितोला एकट्याला यान्सेच्या तोंडी देणं म्हणजे आपल्याच हातानं गोल वाढून ठेवणं. मधल्या फळीतला बागास वाऱ्यासारखा पळतो, त्याला मागे आणायला हवं. आणि लुकितोला पुढे मधे न्यायला हवं, तिथं पाय लागत नाहीत, डोकं लागतं. नुसती अदलाबदल. पेला उचलून डबीच्या जागी ठेवला की झालं.

हार्सोयोंनी सगळ्यांकडे पाहिलं. ‘बरोबर आहे ना?’

‘हो, पा,’ सगळे म्हणाले. लुकितोही म्हणाला. गुनार्तोही म्हणाला.

आता खरं सांगायचं तर तेव्हा त्याचं तोंड बंद राहिलं ते नुसत्या सवयीनं. त्यात पाप नव्हतं. पाप आलं ते संध्याकाळी, क्लबचे मालक हेंद्रावान यांच्या बंगल्यावर. लवंगी सिगारेटींचा कारखाना असलेला हा माणूस. बोलणं गोड आणि मोजकं. त्यांनी गुनार्तोला कॉफी पाजली आणि सांगितलं, रविवारी आपण उतरलो तर हार्सोयो जातील आणि पुढचा मुख्य कोच तू. वाचलो तर करारात लिहिल्याप्रमाणे ते आणखी दोन वर्षं राहतील, त्याला माझा इलाज नाही. ‘मी तुला काही करायला सांगत नाहीये हं,’ असंही ते दारापर्यंत सोडायला येताना म्हणाले.

आणि ते खरंच होतं. करायचं काहीच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं तर गुनार्तोच्या हाडातच होतं.

त्याला ती जागा हवी होती, अगदी मनापासून हवी होती. दुसऱ्यानं आखलेल्या चाली पोरांना समजावून सांगण्यात, शंकू मांडण्यात आणि उचलण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. घरी आल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं. सुलास्त्रीनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘आणि जिंकलात तर?’ त्यावर गुनार्तोनं कूस बदलली.

रविवारी दुपारी मैदान असं भरलं की दिव्यांच्या खांबांवरही माणसं चढली. ढोल, भोंगे, लाल झेंडे, आणि एका सुरात चाललेलं गाणं. बाकावर बसलेल्या गुनार्तोच्या छातीत तो ढोल आतून वाजत होता. शिट्टी झाली, रानबैल उधळले आणि पहिली काही मिनिटं खरंच मजा आली. सामुद्राचे खेळाडू आपल्याच गोलपुढे कोंडले गेले. एदमिल्सन हा आमचा ब्राझीलचा गडी. त्यानं मारलेला फटका खांबाला घासून गेला तेव्हा सगळं मैदान एकदम उठलं आणि कपाळाला हात लावून बसलं.

मग सामुद्राच्या कुणीतरी नुसता जीव वाचवायला चेंडू लांब भिरकावला. यान्से सुटला. लुकितो आधी निघाला होता, त्याला कळलं होतं चेंडू कुठं पडणार. पण यान्से त्याच्या शेजारून असा गेला की लुकितो जागच्या जागी उभा असल्यासारखा दिसला. गोल. एक शून्य.

ढोल थांबला आणि पुन्हा सुरू झाला. नंतर तेच घडत राहिलं. आमचे पुढे, चेंडू मागे, यान्से मोकळा. एकदा आडव्या दांड्यानं वाचवलं, एकदा आमच्या गोलकीपरच्या गुडघ्यानं. लुकितो प्रत्येक वेळी धावत होता आणि प्रत्येक वेळी हरत होता, आणि त्याच्या तोंडावरचा उडालेला रंग बघून गुनार्तोला मान वळवावीशी वाटत होती. दोघं बरोबर खेळलेले, एका खोलीत राहिलेले. आपण गुरुवारी एक पेला उचलला असता तर याची अशी शोभा झाली नसती, हे त्याला चांगलंच कळत होतं. आणि वरच्या सज्जात, सावलीत, हेंद्रावान बसले आहेत हेही कळत होतं. तिकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

शेजारी हार्सोयो टोपी पुढे ओढून बसले होते. ओरडत नव्हते. एकदोनदा त्यांनी गुनार्तोकडे पाहिलं, बोलेल की काय असं वाटून, आणि गुनार्तो बुटाची नाडी बांधायला वाकला.

मध्यंतर झालं. खोलीत संत्र्याच्या फोडी आणि गोड चहा तसाच पडून राहिला. पोरं बाकांवर बसून जमिनीकडे बघत होती. हार्सोयो आत आले, भिंतीवरच्या फळ्यापाशी उभे राहिले. फळ्यावर लाल चकत्या चिकटवलेल्या होत्या, एकेक खेळाडूची एकेक, गुरुवारच्याच मांडणीत.

‘काय चुकतंय?’ त्यांनी विचारलं.

मग लुकितो कसाबसा म्हणाला की चुकत नाहीये काही, पा, नशीब साथ देत नाही. दोनतीन जणांनी लगेच माना डोलावल्या. हार्सोयोंनी एकेकाला नाव घेऊन विचारलं. बागासला विचारलं, तो म्हणाला, ‘तुम्ही सांगाल तसं, पा.’ गोलकीपरला विचारलं, त्याचंही तेच. एदमिल्सनला विचारलं, तर तो सुद्धा एवढ्या वर्षांत सुंबरजातीचा होऊन गेला होता. तोही हसून ‘हो, पा’ म्हणाला. शेवटी हार्सोयो गुनार्तोकडे वळले.

‘तुला काय वाटतं?’

गुनार्तोनं फळ्याकडे पाहिलं. ‘बरोबरच आहे, पा,’ तो म्हणाला.

मग त्यांनी असं काही केलं, जे आमच्याकडे कुठल्या कोचनं केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्यांनी दार उघडलं.

‘मी समोर आहे तोवर तुम्ही बोलणार नाही,’ ते म्हणाले. ‘तुमचा दोष नाही. मीही माझ्या गुरूंपुढे असाच मुका होतो, आणि आम्ही असेच हरायचो. मी बाहेर उभा राहतो. गुन, आता या खोलीत सगळ्यात मोठा तू. मी परत येईन तेव्हा फळ्यावर जे असेल ते आपण खेळू. कुणी काय म्हटलं ते मी विचारणार नाही.’

आणि पा हार्सोयो खोलीबाहेर गेले. दार हळूच लागलं.

मोसमातल्या सगळ्यात महत्त्वाच्या मध्यंतराला संघ टाकून कोच बाहेर! पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली. सगळे गुनार्तोकडे बघायला लागले. बाहेरून गाण्याचा आवाज येत होता, आणि फळा तिथंच होता, हाताच्या अंतरावर. हात लावला नाही तर पुढच्या मोसमात ही खोली त्याची. नुसतं म्हणायचं, पा म्हणतात ते बरोबर आहे, जोर लावा, आणि चहा प्या. कुणाला संशयही आला नसता. उलट गुरूचा मान राखला म्हणून कौतुकच झालं असतं.

तसं म्हणायला त्यानं तोंड उघडलं सुद्धा. पण समोर लुकितो बसला होता. गुडघ्याला टॉवेल गुंडाळलेला, अंगावर चिखल, आणि एवढी फजिती होऊनही उठून पुन्हा त्याच यान्सेमागे धावायला तयार. पा म्हणाले होते म्हणून.

‘लुकितो,’ गुनार्तो म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. ‘यान्से तुला जमत नाहीये.’

कर्णधाराला असं तोंडावर कुणी बोलतं का! लुकितोनं सावकाश मान वर केली.

‘मला गुरुवारीच माहीत होतं, मास गुन,’ तो म्हणाला. मास म्हणजे दादा. रागातही त्यानं दादा सोडलं नाही. ‘ती मिठाची डबी बघितली तेव्हाच कळलं. तुम्हालाही कळलं होतं. मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो. मला बोलता येत नव्हतं, माझ्या जागेचा प्रश्न होता. मला भीती वाटते असं दिसलं असतं. पण तुम्ही का नाही बोललात?’ त्याचा आवाज चढला. ‘सगळ्या गावासमोर माझी अब्रू गेली तिथं! का नाही बोललात?’

गुनार्तोकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. तो उठला, फळ्यापाशी गेला. लुकितोची चकती काढली, मधल्या फळीत लावली. बागासची काढली आणि मागे लावली. एवढंच. दोन चकत्या हलवायला किती वेळ लागतो? पण घाईत दुसरी चकती खाली पडली आणि बागासनं ती उचलून दिली.

तेवढं झालं आणि खोलीला कंठ फुटला. बागास म्हणाला, मी यान्सेला धरतो, तो नेहमी उजव्या बाजूनं वळतो. डावीकडचा खेळाडू म्हणाला, मला सारखं पुढे पळवू नका, माझे पाय भरून आलेत. गोलकीपर म्हणाला, आणि मला कुणी मागे चेंडू देऊ नका, मघाशी गुडघ्याला लागलंय, मला चेंडू लांब मारता येत नाही. ‘मग आधी का नाही सांगितलंस, गाढवा?’ असं तिघंचौघं एकदम ओरडले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच कुणीतरी हसलं. एदमिल्सननं तर त्याच्या मोडक्यातोडक्या भाषेत अर्ध्या संघाची झडती घेतली. बरेच महिने साठलेलं होतं ते.

हार्सोयो आत आले तेव्हा सगळे पुन्हा चिडीचूप. ते फळ्यापुढे उभे राहिले. दोन चकत्यांकडे बघताना त्यांनी टोपी मागे सारली.

‘ही माझी चाल आहे,’ हार्सोयो म्हणाले. ‘फसली तर बाहेर मी असंच सांगणार आहे. तुमच्यापैकी कुणी मधे तोंड घालायचं नाही. चला.’

आणि मग, काय सांगू, तो उत्तरार्ध! मैदानावरचा संघ तोच होता, कपडे तेच होते, पण बैलाचं जणू कुणी दावं सोडून दिलं. यान्सेला पहिला लांब चेंडू आला, तो नेहमीप्रमाणे सुटला, आणि शेजारी बघतो तर बागास. खांद्याला खांदा लावून. बागासनं चेंडू काढून घेतला तेव्हा जो गजर झाला तो नदीपलीकडच्या गावात ऐकू गेला असं तिथले लोक अजून सांगतात. आणि मधे लुकितो. त्याला आता धावायचं नव्हतं. तो उभा राहायचा, डोकं वर करायचा आणि चेंडू नेमका तिथं पाठवायचा, जिथं आमचा माणूस अजून पोचायचा असायचा. त्याच्या तोंडावर रंग परत आला. त्यानं डावीकडे उघडून दिलं, डावीकडून चेंडू मधे आला, एदमिल्सननं उडी घेऊन डोक्यानं आत घातला. एक एक.

बाकावरचे सगळे एकमेकांच्या अंगावर पडले. गुनार्तोनं आनंदानं कुणाला मिठी मारली ते त्यालाच कळलं नाही. बघतो तर ते हार्सोयो होते. तो पटकन मागे सरला.

पण बरोबरी पुरेशी नव्हती. वेळ पळत होता. सामुद्राला बरोबरी चालणार होती, ते सगळे मागे गोळा झाले, जमिनीवर लोळायला लागले, चेंडू फेकायला वेळ काढायला लागले. शेवटची दहा मिनिटं उरली आणि लुकितो वाकून गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. दमला होता. सगळ्यांना दिसत होतं.

हार्सोयो उठले. ताज्या दमाचा रिझाल बाकावर होता. त्यांनी त्याला सरावाचे कपडे काढायला सांगितले. लुकितो बाहेर, रिझाल आत. पंचाच्या मदतनिसानं आकड्यांचा फलक हातात घेतला. रिझाल रेषेवर जाऊन उड्या मारायला लागला.

गुनार्तोला दिसत होतं की हे चुकतंय. सामुद्राचे मागचे गडीही दमले होते, कंटाळून थोडे पुढे येऊन उभे राहायला लागले होते, त्यांच्या मागे जागा उघडत होती. त्या जागेत चेंडू टाकणारा आमच्याकडे एकच होता. आणि या वेळी मधे दार नव्हतं. मघाशी फळ्यावर चकत्या हलवल्या त्या सगळ्यांच्या नावानं. कुणी केलं ते विचारणार नाही असं वचन होतं. आता गुरू हातभर अंतरावर उभे होते, त्यांचं तोंड दिसत होतं, बाकावरचे सगळे ऐकत होते. गप्प बसला असता तरी आता त्याला कुणी बोल लावला नसता. त्यानं आपलं काम केलंच होतं. आणि बरोबरी झाली तरी खुर्ची त्याचीच होती.

‘नको, पा,’ गुनार्तो म्हणाला.

हार्सोयोंनी चांगला कान पुढे केला. ‘काय?’

‘नको. लुकितोला काढू नका.’ घाम त्याच्या डोळ्यांत उतरत होता. ‘चुकतंय तुमचं. त्याचे पाय संपलेत, डोळे नाही संपले. एकदा चेंडू त्याच्याकडे येऊ द्या. एकदाच.’

राखीव गोलकीपरनं तर तोंडावर हात धरला. ‘चुकतंय तुमचं’ हे शब्द सुंबरजातीच्या मैदानावर, पिकल्या केसांच्या माणसाला, त्याच्याच शिष्यानं, भर उजेडात ऐकवले होते. फलक धरलेला माणूस दोघांकडे आळीपाळीनं बघत होता.

हार्सोयोंनी हात वर केला. ‘रिझाल, बस खाली,’ ते म्हणाले. आणि गुनार्तोकडे न बघता मैदानाकडे तोंड करून उभे राहिले.

त्यानंतरची मिनिटं गुनार्तोनं कशी काढली ते त्याचं त्यालाच माहीत. लुकितो चालत होता, धावत नव्हता. गर्दीतून कुणी ओरडलं, म्हाताऱ्याला काढा रे. चेंडू इकडे गेला, तिकडे गेला, बाहेर गेला. घड्याळ संपलं, पंचानं वाढीव वेळ दाखवला. आणि मग बागासनं यान्सेच्या पायातून चेंडू काढला आणि सरळ लुकितोला दिला.

लुकितोनं मान वर केली. एकच क्षण. सामुद्राचे दोघं त्याच्या अंगावर आले, आणि त्याआधीच त्यानं चेंडू त्यांच्या सगळ्यांच्या डोक्यावरून, मागच्या त्या मोकळ्या जागेत अलगद सोडला. एदमिल्सन निघालेला होता. गोलकीपर पुढे धावला, दोघं एकमेकांवर आदळले, चेंडू कुणाच्या तरी पायाला लागून उडाला, खांबावर आपटला आणि रेषेवरून, अगदी नाइलाज झाल्यासारखा, आत गेला.

दोन एक. पुढचं काही ऐकूच आलं नाही. माणसं कठड्यावरून उड्या टाकत होती, ढोल बडवणाऱ्यानं ढोलच फेकून दिला होता. तरी सामना संपला नव्हता. मधून चेंडू सुरू झाला, यान्से पुन्हा एकदा सुटला, सगळ्या मैदानाच्या तोंडचं पाणी पळालं, आणि बागासनं घसरत जाऊन चेंडू थेट बाहेर, भोंगेवाल्यांच्या अंगावर घालवला. शिट्टी झाली. लुकितो जिथं होता तिथं खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. गुनार्तो बाकाच्या टोकाला धरून उभा होता. त्याचेही डोळे वाहत होते, आणि त्याला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

हेंद्रावान खाली आले. त्यांनी हार्सोयोंना आलिंगन दिलं, फोटो काढून घेतले. गुनार्तोपुढे आले तेव्हा त्यांनी हाताची दोन बोटं पुढे केली. ‘अभिनंदन,’ ते म्हणाले आणि त्यांच्या नजरेत स्वच्छ लिहिलं होतं की हा माणूस मूर्ख आहे.

नंतर सज्जाखालच्या बोगद्यात, पत्रकारांच्या खोलीकडे जाताना, गुनार्तोनं हार्सोयोंना थांबवलं. आता राहवत नव्हतं. त्यानं सगळं सांगितलं. बंगला, कॉफी, उतरलो तर तू. आपण गुरुवारी गप्प बसलो ते सवयीनं, पण शुक्रवारी आणि शनिवारी गप्प बसलो ते सवयीनं नव्हे. ‘मला तुमची जागा हवी होती, पा,’ तो म्हणाला, आणि मान खाली न घालता म्हणाला.

‘माहीत आहे,’ हार्सोयो म्हणाले. ‘हेंद्रावाननं मला विचारलं होतं, तुमच्यानंतर कोण. तुझं नाव मीच दिलं. ते ‘उतरलो तर’ त्यानं स्वतःच्या डोक्यातून जोडलं, कारखानदार माणूस, त्याला अटीशिवाय काही देता येत नाही.’

गुनार्तो भिंतीला टेकला. ‘म्हणजे तुम्ही मुद्दाम... गुरुवारची चाल...’

‘छे रे. मुद्दाम कसली? मी खरंच चुकलो होतो. मला वाटलं लुकितो अजून पळतो.’ हार्सोयो हसले, मग हसू थांबलं. ‘मी हेंद्रावानला सांगितलं होतं, गुनला फुटबॉल माझ्यापेक्षा जास्त कळतो. फक्त एक ठाऊक नाही. तो माझ्यापुढे तोंड उघडेल का? ज्याला माझ्यापुढे तोंड उघडता येत नाही, तो दुसऱ्यांची तोंडं स्वतःपुढे कशी उघडवणार? आणि ती उघडली नाहीत, तर कोच म्हणून उरतं काय? नुसती टोपी.’

‘आणि मी फळा तसाच ठेवला असता तर?’

‘तर उतरलो असतो.’ म्हाताऱ्यानं खांदे उडवले, पण आवाज तितका सहज नव्हता. ‘त्या दाराबाहेर उभा होतो ना, तेव्हा चांगला कान दाराकडेच होता माझा. आतून काही आवाज येईना. वाटलं, झालं, आयुष्यभराचं काम गेलं, क्लबही गेला आणि पोरगंही गेलं. मग लुकितो तुझ्यावर ओरडला. एवढं मधुर मी काही ऐकलेलं नाही.’

पत्रकारांच्या खोलीतून कुणीतरी हाका मारत होतं. हार्सोयोंनी त्याच्या दंडाला धरलं.

‘चल, आज मधल्या खुर्चीत तू बस. सांग त्यांना, बदल तुझे होते.’

‘नको, पा. तसं केलं तर उद्यापासून पोरं बोलणार नाहीत. त्यांना वाटेल, आतलं सगळं बाहेर जातं. तुम्हीच बसा, आणि तुमची चाल म्हणूनच सांगा.’ आणि हसून जोडलं, ‘पुन्हा चुकत होतं तुमचं.’

हार्सोयोंनी डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. ‘आता काय, दोन वर्षं रोज हेच ऐकवणार आहेस का मला?’

‘रोज,’ गुनार्तो म्हणाला आणि त्यानं त्यांच्यासाठी दार उघडलं.